पाणी भरून पाहिलेली होडी

मी टाक्या जोडतो. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या उन्हानं तडकल्या की लोक मला बोलावतात, आणि जळगावात उन्हाची कमतरता कधीच नव्हती. अब्बा तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. खांद्यावर भाता घेऊन गावातल्या आमच्या मेहरूण भागाच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचे. घरोघरी स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि अब्बांचा भाता माळ्यावर गेला. प्लास्टिकच्या बादलीला ते मरेपर्यंत शिव्या घालत होते. त्याच प्लास्टिकवर मी घर चालवलं, दोन मुलींची लग्नं केली. अब्बांना हे कधी फारसं आवडलं नाही, पण जेवायला बसल्यावर ते काही बोलत नसत.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईकानं "भाई, टिकेल ना?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. टिकणार नसेल तर मी काम हातातच घेत नाही, अशी माझी गावात ख्याती होती आणि मला तिचा गर्व होता. दुसऱ्याच्या हातच्या जोडाला मी उभ्या उभ्या नावं ठेवायचो. कोणी पांढऱ्या सिमेंटनं टाकी लिंपलेली दिसली, तर त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

आमच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे प्लास्टिकची जात ओळखणं. जातीला जात लागते, एवढ्या एकाच बाबतीत. ठिबकच्या नळीचं प्लास्टिक वेगळं, चटईचं वेगळं, खुर्चीचं वेगळं. जळगावात या सगळ्याचे कारखाने आहेत, त्यामुळे तुकडे हवे तितके मिळतात आणि नवशिके लोक हाताला लागेल तो तुकडा वितळवून थापतात. दिसायला जोड सुरेख दिसतो, आठ दिवसांनी खपलीसारखा सुटून येतो. मी आधी एक बारीक कातरण जाळून वास घेतो. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला की ते टाकीचं प्लास्टिक. मग भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडायची, म्हणजे भेग पुढे पळत नाही. भेग पात्यानं कोरून तिची घळ करायची, गरम हवेच्या गननं कडा चमकेपर्यंत तापवायच्या आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी त्यात दाबत न्यायची. धूर निघाला तर प्लास्टिक जळलं, मग सगळं खरवडून पुन्हा.

आणि शेवटचं काम म्हणजे पाणी. जोड थंड झाला की टाकी काठोकाठ भरायची, खाली उकिडवं बसायचं आणि बघत राहायचं. कुठे एक थेंब जरी घामासारखा फुटला तरी दिसतो. तीस वर्षांत माझ्या हातून एकही टाकी न भरता गेली नाही.

तो माणूस माझ्याकडे आला त्याला आता सहा वर्षं होतील. गणपती होऊन गेले होते. बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर बसून तो आला आणि त्याच्या मागे एका हातगाडीवर नारिंगी रंगाची, दोन्हीकडे टोकदार, लांबलचक होडी आली. कयाक म्हणतात तिला, हे मला त्यानंच सांगितलं. एका माणसापुरती, वरून बंद, मध्ये बसायला एक भोक, दोन टोकांचं वल्हं. मेहरूणच्या तलावावर कोणा ठेकेदारानं चार वर्षं नौकाविहार चालवला होता. धंदा बसला तशा त्यानं बोटी काढून टाकल्या आणि त्यातली ही यानं घेतली होती.

त्याचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओनं गेलेले. कमरेखाली नुसत्या काठ्या, पण खांदे आणि दंड पैलवानाचे. धरणगावकडच्या एका खेड्यातला, कचेरीबाहेर लोकांचे अर्ज भरून द्यायचं दुकान टाकून होता आणि मेहरूणला आईबरोबर राहायचा. मराठी शुद्ध बोलता यायची, अर्ज शुद्ध मराठीतच लिहायचा, पण मन मोकळं झालं की अहिराणीवर यायचा.

"भाई, हाई जुडी जाई का?" त्यानं विचारलं.

होडीच्या बुडाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. विसर्जनानंतर पाण्यात राहिलेल्या कुठल्याशा पाटाचा खिळा लागला होता. आणि बसायच्या जागेखाली वीतभर लांबीची एक बारीक भेग होती. मी म्हटलं, "मी टाक्यांचं काम करतो. होडी कधी हातात घेतली नाही."

"टाकीम्हा पानी मझार ऱ्हास, होडीले बाहेर ऱ्हास. इतलाच फरक शे ना?" तो हसत म्हणाला. मलाही हसू आलं. मग तो स्कूटरवरच बसून, हसणं थांबवून म्हणाला, "भाई, जमीनवर बठ्ठा लोके माले वरतून देखतस. पानीवर कोनी वरतून देखत नही. रोज सकाळे एक तास माले हाई होडी पाहिजे. बाकी मी काही मांगत नही."

मी काम घेतलं. बोटीच्या मागच्या कप्प्याचं एक झाकण फुटून आतच पडलं होतं, ते बोटीच्याच प्लास्टिकचं होतं. त्याच्या पट्ट्या कापल्या. जाळून वास घेतला, तर मेणबत्ती. भोकाला स्टीलची बारीक जाळी आत दाबून वरून प्लास्टिक भरलं, भेगेचा नीट समाचार घेतला. काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पात्यानं कोरताना चांगल्या प्लास्टिकची लांब सलग साल निघते. इथे भुसा निघत होता. बोट कैक वर्षं उन्हात पडून वाळली होती. तेव्हाच मी हात जपून चालवायला हवा होता. पण जोड असा देखणा झाला होता की मी स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड थंड, टणक झाला होता. मी दोन रिकामे ड्रम आडवे ठेवले, त्यांवर बोटीची दोन टोकं टेकवली, म्हणजे खाली वाकून बुड बघता येईल, आणि गच्चीवरच्या टाकीची नळी तिच्यात सोडली. टाकीवाला दुसरं काय करणार? जोड झाला की भरून बघायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. होडी पाण्यावर ठेवून तपासायची असते, तिच्यात पाणी भरायचं नसतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही. मी पाण्याची धार बघत उभा राहिलो. पाणी काठाला आलं. पाच-सहा सिमेंटच्या गोण्यांचं वजन त्या वाळलेल्या पोटात, आणि आधार फक्त दोन टोकांना.

मी खाली वाकलो. माझा जोड कोरडा ठणठणीत होता. मला अजून आठवतं, मी "वाह" असं मोठ्यानं म्हणालो. आणि तेवढ्यात वर टक् असा आवाज झाला. बोट मध्ये वाकली, आणि पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडवी फाटली. सगळं पाणी माझ्या डोक्यावर आणि मानेवर आलं.

मी तसाच ओल्या जमिनीवर बसून राहिलो. भोक रुपयाएवढं होतं, भेग वीतभर होती. आता बोटीच्या दोन बोटी व्हायच्या बाकी होत्या.

त्या दिवसापासून पुढचे तीन दिवस मी दुसरं काम केलं नाही. टाक्यांच्या गिऱ्हाइकांना वाटेल ते कारण सांगून टाळलं. टोकांना भोकं पाडली, आतून-बाहेरून घळ कोरली, जिथे हात पोचत नव्हता तिथे बोटीत डोकं आणि खांदे घालून काम केलं. गरम हवेनं आत श्वास कोंडायचा. जाळीचे सहा तुकडे घातले. मी आयुष्यात केलेला तो सगळ्यात चांगला जोड होता, आणि त्याची मला इतकी लाज वाटत होती की मी त्याच्याकडे सरळ बघतही नव्हतो.

चौथ्या दिवशी तो आला. बोटीच्या बुडावर आडवा, हातभर रुंद, जाड पट्टा बघून त्याचा चेहरा पडला. "हाई काय?"

मी तीन दिवस ठरवत होतो, खरं सांगायचं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "ही भेग आधीचीच होती," मी म्हणालो. "आतून होती, वरून दिसत नव्हती. कोरायला घेतलं तेव्हा उघडी पडली. ऊन खाऊन प्लास्टिक मेलंय."

एवढं मी शांतपणे बोललो. नेहमीसारखा चिडलोसुद्धा नाही.

तो थोडा वेळ बोटीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं माझा हात धरला. "तुमले दिखनी म्हनीसन मी वाचनू, भाई. तलावना मझार फाटती तं? मना पाय काय मारता मी?"

मी कामाचं काही घेतलं नाही. त्याचा अर्थ त्यानं आणखीच चांगला लावला.

त्यानंतर तो माझं नाव गावभर करत सुटला. कचेरीबाहेर अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, तुमच्या टाकीचं काही काम आहे का, मेहरूणला एक भाई आहे, देवमाणूस आहे, त्यानं माझा जीव वाचवला. त्याच्या नावानं आलेली गिऱ्हाइकं दारात उभी राहिली की मी मान वर न करता पत्ता लिहून घ्यायचो. खाई त्याला खवखवे. कोणी नुसतं "होडीवाल्यानं पाठवलं" म्हटलं तरी मला वाटायचं, याला कळलं आहे आणि हा मला टोचतोय. बायको म्हणायची, "इतने काम आ रहे हैं, फिर भी तुम्हारा मुँह क्यों उतरा हुआ है?" तिला मी काही सांगितलं नाही. तिलाच काय, कोणालाच सांगितलं नाही.

एकदा तो आग्रहानं मला तलावावर घेऊन गेला. सकाळचे सहा वाजले असतील. काठावर फिरायला आलेले लोक हात झटकत चालत होते. त्यानं स्कूटर अगदी पाण्याजवळ नेली, एक फाटकी गोणी चिखलावर टाकली आणि हातांवर शरीर ओढत बोटीपर्यंत गेला. फिरायला आलेली एक बाई "अरेरे" म्हणून थांबली. मग तो आत बसला, पाय हातांनी उचलून आत घेतले, वल्हं मारलं आणि गेला. पाणी जराही न उडवता, सरळ. ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या दोघांनी त्याला हाक मारली, त्यानं वल्हं वर करून उत्तर दिलं. अरेरे म्हणणारी बाई तोंड उघडं टाकून बघत होती. मी इतरांपेक्षा वेगळं काहीतरी बघत होतो. बोट वळताना तिच्या पोटावर जोर येतो तो मला दिसत होता. ती किनाऱ्याला लागेपर्यंत मी कलमे पढत होतो. त्यानं उतरून विचारलं, "कसं वाटनं?" मी म्हटलं, "छान." त्याच्या कमरेला मी पाच लिटरचे दोन रिकामे, बंद कॅन बांधायला लावले, तेव्हा तो म्हणाला की माझी माय एवढी काळजी करत नाही.

दर चार-सहा महिन्यांनी बोट माझ्याकडे यायची. पट्ट्याच्या बाजूला केसासारखी रेघ दिसायची, मी टोकाला भोक पाडायचो, भरायचो. रेघ दुसरीकडून निघायची. जोडाला काही होत नव्हतं. जोडाच्या शेजारचं प्लास्टिक थकत होतं. नवीन कापड जुन्या धोतराला ठिगळ म्हणून लावलं की कडेनं धोतरच फाटतं, तसं चाललं होतं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी तो चहा मागवायचा. दोन वर्षं आणि वर काही महिने असे गेले. ती वर्षं त्यानं पाण्यावर काढली, असं मी स्वतःला समजावायचो. पण पोट न फाटलेली बोट किती वर्षं गेली असती, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता.

एका डिसेंबरात ती तलावाच्या मध्यावर गेली. पट्ट्याच्या कडेनं एकदम तोंड उघडलं. कॅन होते म्हणून तो वर राहिला आणि जाळंवाल्या दोघांनी त्याला आणि अर्धी बुडालेली बोट काठाला आणली. दुपारी बोट माझ्या दारात. त्याचे ओठ अजून निळे होते आणि तो मलाच धीर देत होता. "घाबरू नका भाई, मी धडधाकट शे."

मी बोट पालथी घातली. बघायला काही नव्हतंच. कडेला बोटानं दाबलं तर तुकडा मोडून हातात आला, जुना खाकरा मोडावा तसा. मी म्हणालो, "आता नाही होणार. मी जोडली तरी तुला बसू देणार नाही."

मला वाटलं होतं तो भांडेल. माझ्यासारख्यानं तर थयथयाट केला असता. तो बोटीवर हात ठेवून म्हणाला, "तिनं वय व्हयनं. दोन वरीस तिनी माले फिराडं, तुमना हातमुळे. जावू द्या." माझी समजूत घालून तो बोट घेऊन गेला.

नवी बोट आणणं त्याच्या ऐपतीत नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. मग मी एक वेडेपणा केला. दोन फुटक्या टाक्या उभ्या कापल्या आणि त्यांची एक बोट करायला घेतली. चार महिने रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी त्यातच असायचो. टाकीचं प्लास्टिक जन्मापासून गोल. तापवून सरळ केलं की थंड होताना पुन्हा वळायचं. वजन ठेवून, साखळीनं बांधून सरळ केलं तर जोड तिरके ओढले जायचे. शेवटी काहीतरी होडीसारखं दिसणारं तयार झालं, ते मी टेम्पोनं तलावावर नेलं आणि रिकामंच पाण्यात सोडलं. ते एका कुशीवर झोपलं. मी ढकलून सरळ केलं, ते पुन्हा त्याच कुशीवर झोपलं. चार लोक जमून हसत होते. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर. घरी आणून मी त्याचे तुकडे केले. होडीवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मधून मधून मी त्याच्या घरी जायचो. बोट अंगणात होती. त्याच्या आईच्या तीन शेळ्या होत्या, तिनं बोटीत त्यांचा चारा टाकायला सुरुवात केली होती. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. सकाळी तो ओट्यावर बसून चहा पीत बोटीकडे बघायचा. तिच्यावर माती उडाली तर पुसायचा. तो जाड होत चालला होता. खांदे उतरले होते. पूर्वी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस आता विचारल्याशिवाय बोलत नसे. पण बोटीची गोष्ट निघाली की त्याचा चेहरा उजळायचा. तलावाच्या पलीकडच्या काठाला हिवाळ्यात कुठले पक्षी उतरतात, धुक्यात मध्यावर बसलं की गाव कसं दिसत नाही, हे तो मला सांगायचा. त्याला हे सगळं सांगायला मीच होतो, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघालो. आमच्यात रीत अशी की निघण्याआधी ओळखीच्या सगळ्यांकडे जायचं आणि म्हणायचं, "कहा-सुना माफ करना." जे बोललो, जे ऐकवलं, ते माफ करा. समोरचा म्हणतो, माफ है, आमच्यासाठी दुवा करा. चहा होतो, माणूस पुढच्या दारी जातो. ही माफी ठोक असते. कुणी कशाबद्दल ते विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. मी तापट असल्यामुळे माझी यादी मोठी होती. आठ दिवस मी फिरलो. ज्यांच्या जोडांना नावं ठेवली होती त्या टाकीवाल्यांकडेही गेलो, आणि त्यांनीही हसत हसत माफ केलं.

त्याचं घर मी शेवटी ठेवलं होतं. सकाळची वेळ होती. तो चाकं लावलेल्या पाटावर बसून अंगणात चारा तोडत होता, आई पाणी भरायला गेली होती. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "उमऱ्याला चाललोय. कहा-सुना माफ कर, भाऊ."

त्यानं विळा बाजूला ठेवला, माझे दोन्ही हात धरले. "माफ शे भाई, बठ्ठं माफ शे. तुमले माफ करासारखं काय शे मनाकडे? मनाकरता बी दुवा मांगज्यात तठे."

रीतीप्रमाणे काम झालं होतं. मी उठायला हवं होतं. पण मला वाटलं, ही माफी खोटी आहे. हिच्यावर मी काबागृहासमोर उभा कसा राहू? मला खरी माफी पाहिजे होती. मला, मला पाहिजे होती. आता मागे वळून बघतो तेव्हा त्या सकाळी मला दुसरं काही दिसतच नव्हतं हे कळतं.

मी सगळं सांगितलं. दोन ड्रम, टाकीची नळी, काठोकाठ पाणी, तो टक् आवाज. वीतभर भेग घेऊन आलेली बोट मी कशी फाडली आणि त्याच्या तोंडावर कसं खोटं बोललो ते. सांगताना मी रडलो. मन इतकं हलकं झालं की मला त्याची शरम वाटली.

तो ऐकत होता. त्यानं मध्ये एकच प्रश्न विचारला, "काठोकाठ भरी व्हती?"

"काठोकाठ."

शेळी बोटीत तोंड घालून चारा खात होती. तो तिच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "भाऊ, आता खरं माफ कर."

"हाई तुमी माले कसाले सांगं, भाई?" तो हळू आवाजात म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला तो झेलता आला असता, रागाचं मला सगळं माहीत आहे.

"मनावर ओझं होतं," मी म्हटलं.

"तुमना मनवर." त्यानं मान हलवली. "आतेलगून ती जुनी व्हयनी म्हनीसन गयी व्हती. रोज सकाळे मी तिले देखू आन् वाटे, तिनी करं तितलं करं, बिचारीनं वय व्हयनं. आते मी तिले देखसू तं माले काय दिखी?"

मी वळून बोटीकडे पाहिलं.

"आतेच मी माफ म्हनं ना," तो म्हणाला, "ते मी वापस लेस. वाईट नका मानू. ते मी दुसराच गोष्टकरता म्हनं व्हतं." आणि त्यानं विळा उचलला.

उमरा झाला. तिथे मी त्याच्यासाठी दुवा मागायला हात उचलले आणि काय मागावं हे मला कळेना. हात तसेच उचलून ठेवले. बायकोला वाटलं मी भारावलो आहे.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी खजूर आणि तिथल्या जमजमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन मी त्याच्याकडे गेलो. दार त्याच्या आईनं, अक्कानं, उघडलं. अंगणात बोट नव्हती. शेळ्यांचा चारा नुसता जमिनीवर पडला होता आणि जिथे बोट असायची तिथे मातीत लांबट खळगा राहिला होता. तो आत होता. बाहेर आला नाही. मी आल्याचं त्याला कळलं होतं, कारण आतला रेडिओ बंद झाला.

अक्कानं मला ओट्यावर बसवलं आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. "भाऊ, तुमी गयात आन् चार दिनम्हा त्यानी ती होडी भंगारवालाले दी टाकी. इतला वरीस तिले कोनले हात लावू दे नही. मी चारा टाकू तं बी पुसी पुसी ठेवे. आन् एक सकाळे म्हने, लई जा, डोयासमोर नको. तव्हयपासून नीट जेवत नही, बोलत नही." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमी त्याना दोस्त शेतस. तुमनाशी तो बठ्ठं बोलस. काय व्हयनं त्याले, तुमले काही म्हाईत शे का?"

मी "नाही अक्का" म्हणालो आणि बाटली तिच्या हातात दिली.